हायब्रिड गाडीची सर्व्हिसिंग बाहेरच्या गॅरेजमध्ये करून घेता येते का, आणि तिच्या सॉफ्टवेअरमधील सेटिंग स्वतः बदलता येतात का?

होय, सर्व्हिसिंग बाहेर करून घेता येते. गाडीतील माहिती स्वतः वाचताही येते, आणि प्रत्येक मालकाने ती वाचावीच, असे माझे स्पष्ट मत आहे. सेटिंग बदलण्याविषयी पुढे लिहिते. तुमची स्ट्राँग हायब्रिड (म्हणजे इंजिनाबरोबरच नुसत्या विजेच्या मोटरवरही चालू शकणारी गाडी) २०२२ च्या अखेरीस घेतलेली आहे, तिची तीन वर्षांची मूळ वॉरंटी संपली आहे आणि बाहेर साधे ऑइल बदलले तरी बॅटरीची वॉरंटी रद्द होईल असे सर्व्हिस सेंटरमध्ये तुम्हाला सांगण्यात आले, असे तुम्ही लिहिले आहे. हेच वाक्य मी माझ्या घरात, माझ्या धाकट्या दिरांच्या तोंडून अनेकदा ऐकलेले आहे, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

मी रबाळे एमआयडीसीतील एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात नोकरी केली. कोणतेही उपकरण बिघडले की आधी त्याचे रीडिंग घ्यायचे, नोंद करायची आणि मगच पाना हातात घ्यायचा, ही तिथली शिस्त माझ्या अंगात भिनलेली आहे. आमच्याकडे एक जुनी, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली हायब्रिड सेडान आहे. २०१९ च्या पावसाळ्यानंतर घोडबंदर रस्त्याने जात असताना गायमुखच्या चढावर तिच्या डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटला आणि गाडीची ताकद कमी झाली. भाऊजींच्या ओळखीच्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये आम्ही ती नेली. तिथे स्कॅनर लावला गेला, पी०ए८० हा कोड निघाला आणि काही वेळातच पूर्ण बॅटरी पॅक बदलण्याचे अंदाजपत्रक माझ्या हाती ठेवण्यात आले. ती रक्कम गाडीच्या तेव्हाच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त होती.

मी त्यांच्याकडे प्रत्येक ब्लॉकचे व्होल्टेज मागितले. निकेल-मेटल हायड्राइड प्रकारच्या अशा पॅकमध्ये मॉड्यूलच्या, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या लहान बॅटऱ्यांच्या, जोड्यांचे ब्लॉक केलेले असतात आणि गाडीचा संगणक प्रत्येक ब्लॉकचे व्होल्टेज सतत मोजत असतो, त्यामुळे हे आकडे त्यांच्या समोरच्या पडद्यावर होतेच. "मॅडम, ते आम्ही ग्राहकांना दाखवत नाही," असे उत्तर मिळाले. भाऊजी शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "वहिनी, ही आता गाडी राहिलेली नाही, संगणक आहे. यात तुम्ही पडू नका. बॅटरी बदला, नाहीतर गाडी विकून टाका." त्या दिवशीचा माझा राग अजून गेलेला नाही, कारण जी वस्तू माझ्या पैशाने घेतली होती आणि माझ्या नावावर होती, तिचे रीडिंग माझ्यापासून लपवण्याचा अधिकार कुणालाही नव्हता.

पी०ए८० या कोडचे नावच "हायब्रिड बॅटरी पॅक बदला" असे असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी तपास तिथेच थांबतो. प्रत्यक्षात संगणकाला एवढेच कळलेले असते की ब्लॉक-ब्लॉकमधील व्होल्टेजचा फरक मर्यादेबाहेर गेला आहे. तो फरक एखादे मॉड्यूल खरोखर म्हातारे झाल्यामुळे पडू शकतो, तसाच मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर किंवा व्होल्टेज मोजणाऱ्या तारांच्या टोकांवर गंज चढल्यामुळेही पडू शकतो. ठाणे खाडीच्या दोन्ही बाजूंच्या दमट, खारट हवेत ही दुसरी शक्यता आधी तपासायला हवी, हे कोणत्याही इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनला सांगावे लागत नाही.

मी ब्लूटूथचा ओबीडी अडॅप्टर, म्हणजे गाडीच्या निदानाच्या सॉकेटमध्ये (ओबीडीत) खोचून तिच्या संगणकातील माहिती मोबाइलवर पाठवणारे साधन, घेतला आणि हायब्रिड बॅटरीचे ब्लॉक दाखवणारे एक अ‍ॅप मोबाइलवर घेतले. गाडी उभी असताना सर्व ब्लॉक जवळजवळ सारखे दिसत होते. चढावर जोर पडला की एकच ब्लॉक इतरांपेक्षा एक व्होल्टहून अधिक खाली जाई आणि जोर कमी होताच लगेच वर येई. पॅकच्या मधल्या भागाचे तापमानही कडेच्या भागापेक्षा बरेच वाढत होते. यातून दोन गोष्टी सुचल्या, एक म्हणजे सांध्यातील अवरोध आणि दुसरी म्हणजे गुदमरलेला पंखा. अशा गाड्यांत मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी असते आणि तिच्यातून केबिनमधील थंड हवा ओढून पंखा बॅटरी थंड ठेवतो. आमच्या मागच्या सीटवर कायम पिशव्या असायच्या, शिवाय घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचे काम चालू असल्याने गाडीत धूळ मुबलक होती.

ते आकडे कागदावर लिहून मी वागळे इस्टेटमधील एका गॅरेजमध्ये गेले. तिथल्या मिस्त्रींनी पूर्वी हायब्रिडच्या बॅटऱ्या उघडलेल्या होत्या आणि त्यांच्याकडे १००० व्होल्टपर्यंतचे, तपासलेले रबरी हातमोजे होते. मुख्य म्हणजे त्यांनी मला बाजूला उभे राहून पाहू दिले. त्यांनी स्मार्ट चावी लांब ठेवायला सांगितली, १२ व्होल्टच्या बॅटरीची ऋण तार काढली, नारिंगी सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवला, इन्व्हर्टरमधील (बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या यंत्रणेतील) वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे होण्यासाठी दहा मिनिटे वाट पाहिली आणि मीटर लावून शून्य व्होल्ट दिसल्यावरच झाकणाला हात लावला. आमच्या कारखान्यात यापेक्षा चांगली शिस्त मी पाहिलेली नाही. पंख्याची पाती धुळीच्या आणि तंतूंच्या थराने भरलेली निघाली, आणि त्या एका ब्लॉकच्या पट्टीवर हिरवा गंज होता. पट्ट्या साफ करून, नट टॉर्क पान्याने साधारण साडेपाच न्यूटन-मीटरवर आवळले गेले, कारण याहून जास्त जोर दिला तर मॉड्यूलचा स्टड तुटतो. पॅक बंद करून पुन्हा चढावर रीडिंग घेतले तेव्हा तो ब्लॉक इतरांच्या रांगेत आला होता. ती गाडी, त्याच बॅटरीसह, आजही आमच्याकडे आहे.

भाऊजींचे मत यानंतरही बदलले नाही. दर गणपतीत नेरुळच्या त्यांच्या घरी हा विषय निघतो आणि "बाहेरचा हात लागला की वॉरंटी गेली" हे वाक्य निघतेच. म्हणून त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी एकदाच नीट लिहिते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू न दिल्याबद्दलच. केवळ बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतले या कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये, असेही त्या आदेशात आहे. पुढे अपिले झाली आणि काहींच्या दंडाची रक्कम कमी झाली, पण मूळ निष्कर्ष अपिलीय न्यायाधिकरणाने कायम ठेवला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी जे पोर्टल सुरू केले, त्यातही मोटारींचा समावेश आहे. तेव्हा ऑइल बदलल्याने बॅटरीची वॉरंटी जाते, हे सांगणाऱ्याला ते लेखी द्यायला सांगा.

आता तुमच्या प्रत्यक्ष प्रश्नाकडे येते. इंजिन ऑइल, फिल्टर, टायर, वायपर ही कामे कोणतेही बरे गॅरेज करू शकते. ऑइलची ग्रेड मात्र पुस्तिकेत लिहिली आहे तीच हवी. ०डब्ल्यू-१६ लिहिलेले असताना "आपल्या हवेला जाड बरे" असे म्हणून कुणी दुसरे ओतू लागला तर त्याला थांबवा. इन्व्हर्टरचे कूलंट इंजिनच्या कूलंटपासून वेगळ्या टाकीत असते आणि त्यात नळाचे पाणी घालायचे नसते. ब्रेक पॅड बदलताना अनेक हायब्रिड गाड्यांत नुसते चालकाचे दार उघडले तरी ब्रेकचा पंप आपोआप दाब तयार करतो, त्यामुळे ती यंत्रणा आधी निष्क्रिय करावी लागते, आणि ब्रेकमधील हवा काढण्याचे काम स्कॅनरशिवाय नीट होत नाही. पीयूसी केंद्रावर हायब्रिडचे इंजिन मध्येच बंद पडल्याने तपासणी अडते, तेव्हा गाडीची मेंटेनन्स मोडची पद्धत माहीत असावी. टोयोटाच्या अनेक हायब्रिड गाड्यांत इंजिन सुरू न करता गाडी ऑन करून, एका मिनिटाच्या आत पार्कमध्ये दोनदा, न्यूट्रलमध्ये दोनदा आणि पुन्हा पार्कमध्ये दोनदा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो मोड लागतो. नंतर सुरू केलेले इंजिन चालूच राहते. त्या मोडमध्ये गाडी रस्त्यावर चालवू नये.

एसीकडे सर्वाधिक लक्ष द्या. स्ट्राँग हायब्रिडचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्यात विद्युतरोधक एस्टर तेल असते. नेहमीच्या गाडीचे पॅग तेल त्यात थोडेसे जरी मिसळले तरी इन्सुलेशन ढासळते, गळतीचा कोड येतो आणि गाडी 'रेडी', म्हणजे चालण्यास तयार, होण्यासच नकार देऊ शकते. ठाण्यात आणि वाशीत उन्हाळ्यात गॅस भरणारी दुकाने जागोजागी आहेत, पण हे तेल वेगळे ठेवणारी फार थोडी.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत वाचणे आणि लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भाऊजींना आजवर हाच फरक मान्य नाही. वाचल्याने गाडीत काहीही बदलत नाही. विचित्र कोड एकदम चार-पाच दिसले तर आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. ती इंजिन फिरवत नसली तरी सर्व संगणक तिच्यावरच जागे होतात, आणि ती अशक्त झाली की खोटे कोड येतात. लिहिण्याच्या बाबतीत, रिव्हर्सचा बीप, दारे आपोआप लॉक होणे, दिवे विझण्याचा वेळ अशी सोयीची सेटिंग तुमच्या मॉडेलमध्ये खुली असतील तर जरूर बदला, परंतु प्रत्येक जुन्या मूल्याचा फोटो आधी काढून ठेवा आणि एका वेळी एकच बदल करा. स्वस्त अडॅप्टर वाचण्यापुरता ठीक असतो, लिहिताना तो मध्येच तुटला तर कंट्रोल युनिट अर्धवट अवस्थेत अडकू शकते. म्हणून लिहिताना चांगली वायर असलेले इंटरफेस आणि १२ व्होल्टला जोडलेला चार्जर, दोन्ही हवेत. चोरीचे निदान-सॉफ्टवेअर ज्या लॅपटॉपवर टाकाल त्यावरून बँकेचे व्यवहार करू नका.

इंजिन, इन्व्हर्टर किंवा बॅटरीच्या नियंत्रणाचे सॉफ्टवेअर बदलण्यास माझा ठाम विरोध आहे. या गाड्यांचे अ‍ॅटकिन्सन चक्राचे इंजिन आणि मोटर यांचा मेळ कंपनीने एकत्र बसवलेला असतो, आणि त्यातील एक बाजू हलवून मायलेज वाढत नाही. ओबीडीत खोचून इंधन वाचवण्याचा दावा करणारी डबी ही शुद्ध फसवणूक आहे. एअरबॅग, सीटबेल्टची सूचना आणि ब्रेक यांनाही हात लावू नका.

इथे काही मर्यादा सांगणे आवश्यक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ विनिर्देशांहून वेगळा बदल गाडीत करता येत नाही आणि कलम १८२-अ खाली त्यासाठी मालकाला दंड किंवा कैद होऊ शकते, त्याशिवाय अपघातानंतर विमा कंपनीही हाच मुद्दा काढू शकते. बाहेरच्या कामामुळेच झालेल्या बिघाडाचा खर्च कंपनीने द्यावा, असे स्पर्धा आयोगाच्या आदेशाचा आधार घेऊनही म्हणता येणार नाही, म्हणून प्रत्येक कामाचे पक्के बिल ठेवा. पावसात पाणी सीटपर्यंत आलेली गाडी सुरू करून पाहू नका. आणि मी विजेच्या उपकरणांत आयुष्य काढलेले असूनही नारिंगी केबलला स्वतः हात लावला नाही, ते काम तपासलेले हातमोजे असलेल्या मिस्त्रींनीच केले, हेही लक्षात घ्या.

तुमच्या बॅटरीला कंपनीची ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असेल, तर ती, तेवढे किलोमीटर आधी पूर्ण झाले नाहीत तर, २०३० च्या अखेरीपर्यंत आहे. तोवर पॅकचे झाकण बाहेर कुठेही उघडू देऊ नका. त्रिकोण पेटला तर आधी स्वतः कोड वाचून त्याचा फोटो काढा, मग कंपनीकडे जा आणि जॉब कार्डसोबत बॅटरीचे रीडिंग छापून मागा. दिले नाही तर नकार लेखी मागा, आणि तोही मिळाला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.