मिचिनागा सम्राटाचा ‘आजोबा’ की ‘मातामह’?

प्रश्न असा आला आहे : जपानी दरबारी फुजिवारा नो मिचिनागा (९६६–१०२८) याच्याविषयी मराठीत लिहिताना ‘सम्राटाचा आजोबा’ म्हटले, की तो स्वतःही आधी सम्राट असावा असे वाटते. मग नेमका शब्द कोणता?

‘मातामह’ लिहावे. बोलताना आपण दोन्हीकडच्या आजोबांना एकच हाक मारतो. इथे मात्र सगळे राजकारण आईच्या बाजूने चालले आहे. एकदा नाते स्पष्ट केले, की पुढे ‘आजोळ’ हा शब्द मोकळेपणाने वापरावा. मला तर तोच जास्त मोलाचा वाटतो. त्या काळच्या राण्या बाळंतपणाला माहेरी जात, कारण राजवाड्याला सोयर चालत नसे. सम्राट इचिजो आणि मिचिनागाची मुलगी शोशी यांचा मुलगा १००८ साली मिचिनागाच्या त्सुचिमिकादो वाड्यातच जन्मला. १०१६ मध्ये तो गो-इचिजो या नावाने गादीवर बसला आणि बालराजाच्या वतीने कारभार पाहणारा ‘सेश्शो’ झाला त्याचा मातामह मिचिनागा. ‘सेश्शो’साठी ‘राजप्रतिनिधी’ चालेल, ‘पेशवा’ नको. पेशव्यांची छत्रपतींशी सोयरीक नव्हती, आणि इथे तर सत्तेचा पायाच सोयरीक आहे.

ती किती दाट होती पाहा. मिचिनागाची थोरली बहीण सेन्शी ही इचिजोची आई. म्हणजे मिचिनागा आधी त्याचा मामा, मग मुलगी शोशी देऊन सासरा. त्यानंतरचा सम्राट सांजो हा दुसऱ्या बहिणीचा मुलगा. त्याला दुसरी मुलगी केन्शी दिली. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडेही अनेक समाजांत असल्याने इथपर्यंत मराठी शब्द आपसूक बसतात. पण १०१८ मध्ये तिसरी मुलगी इशी गो-इचिजोची महाराणी झाली. ती शोशीची सख्खी बहीण, म्हणजे नवऱ्याची सख्खी मावशी, आणि वयाने आठ-नऊ वर्षांनी मोठी! त्या सोहळ्याच्या मेजवानीत मिचिनागाने आपले जग पौर्णिमेच्या चंद्रासारखे कुठेही उणे नाही, अशा अर्थाची कविता म्हटली. इथे तो एकाच माणसाचा मातामह आणि सासराही आहे. दोन्ही नाती लिहावीत, वाचक गोंधळेल म्हणून एक गाळू नये.

नावाबद्दलही थोडे. फुजिवारा हे कुळाचे नाव आणि ‘नो’ म्हणजे आपला ‘चा’. दरबार फुजिवारांनी भरलेला होता, त्यामुळे नुसते ‘फुजिवारा’ लिहून माणूस ओळखू येत नाही, ‘मिचिनागा’च लिहावे.

१०६८ साली गादीवर आलेल्या गो-सांजोच्या बाबतीत मात्र जपून. मिचिनागाचा मुलगा योरिमिचि याच्या मुलीला सम्राटापासून मुलगा झाला नाही. गो-सांजोची आई सांजो आणि केन्शी यांची मुलगी, म्हणजे राजकन्या. त्यामुळे तो मिचिनागाचा पणतू आहे, आईकडूनही आणि वडिलांकडूनही; पण त्याचे आजोळ राजघराणेच. त्याच्या संदर्भात मिचिनागाला ‘पणजोबा’ म्हणता येईल, फुजिवारांना ‘आजोळ’ म्हणता येणार नाही.