फ्लॉरेन्सहून व्हेनिसला जाताना बोलोन्यात एक दिवस थांबावं का? शाकाहारी माणसांना तिथे धड जेवायला मिळतं का?

नक्की थांबा. तुम्ही लिहिलंय की हाताशी एकच दिवस आहे, सोबत सत्तरीच्या सासूबाई आहेत, मांस-मासे चालत नाहीत आणि बोलोन्या म्हणजे सॉसेज-हॅमचं गाव असं ऐकून तुम्ही बिचकलात. मी इथे शिकायला आले आणि नोकरी लागल्यावर इथेच राहिले. मीही शाकाहारी आहे, फक्त अंडं खाते. या शहरावर माझा जीव आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

फ्लॉरेन्सहून जलद गाडीने बोलोन्या चाळीसेक मिनिटांवर आहे. सामान स्टेशनवरच ठेवता येतं. बाहेर पडण्याआधी जुन्या प्रतीक्षागृहात दोन मिनिटं जाऊन या. २ ऑगस्ट १९८० ला इथे बॉम्ब फुटला आणि ८५ माणसं गेली. त्यांची नावं भिंतीवर आहेत आणि बाहेरचं घड्याळ १० वाजून २५ मिनिटांवर थांबवून ठेवलंय. गावातल्या लोकांना हे घड्याळ चालू केलेलं सोसणार नाही.

तिथून मुख्य चौकापर्यंत, म्हणजे पियात्सा माज्जोरेपर्यंत, इंदिपेंदेन्त्सा रस्त्याने चालत वीस मिनिटं लागतात. ऊन असो, पाऊस असो, बहुतेक वाट छपराखालूनच जाते. या छपराच्या वाटा, इथल्या भाषेत पोर्तिको, हे बोलोन्याचं खरं वैभव. माझं ऐकाल तर संग्रहालयं सोडा आणि दिवस या पोर्तिकोंना द्या. इथलं विद्यापीठ १०८८ चं मानतात. दूरदूरची मुलं शिकायला आली, घरं पुरेनात, तेव्हा लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली लाकडी खांबांचे टेकू दिले. दुसऱ्या गावांनी असली बांधकामं पाडली. बोलोन्याने १२८८ मध्ये उलट नियमच केला, की घर बांधायचं तर पुढे पोर्तिको हवाच. जागा मालकाची, डागडुजी मालकाची, पण चालायचा हक्क सगळ्यांचा. घोड्यावरचा स्वार खालून जाईल एवढी उंचीही ठरवून दिली. तो हक्क आजही तसाच आहे. गावात सगळे मिळून ६२ किलोमीटर पोर्तिको आहेत आणि २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. माज्जोरे रस्त्यावर कासा इसोलानीपाशी तेराव्या शतकातले लाकडी खांब अजून उभे आहेत. तिथे मान वर करून नीट बघा.

चौकातलं सान पेत्रोनियो चर्च १३९० मध्ये सुरू झालं. दर्शनी भिंतीवर खाली संगमरवर आहे आणि वर नुसत्या विटा, कारण काम पुरं झालंच नाही. आतल्या फरशीवर एक तिरपी रेघ आहे, लांबी सुमारे ६७ मीटर. शनीच्या कड्यांमधली फट ज्याच्या नावाने ओळखतात त्या खगोलशास्त्रज्ञ कासिनीने ती १६५५ मध्ये आखली. छताजवळच्या छिद्रातून येणारा उन्हाचा कवडसा भर मध्यान्ही रेघेवर येतो आणि ऋतूप्रमाणे पुढेमागे सरकतो. आपल्या घड्याळात ही वेळ उन्हाळ्यात साधारण सव्वाची आणि हिवाळ्यात सव्वाबाराची असते. त्या वेळी चर्च उघडं आहे का ते सकाळीच विचारून ठेवा. चौकाच्या दुसऱ्या बाजूला, पोदेस्ता राजवाड्याखालच्या कमानीत, एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून हळू बोललं की समोरच्या कोपऱ्यात स्पष्ट ऐकू येतं. सासूबाईंना एका कोपऱ्यात उभं करा आणि तुम्ही दुसऱ्या कोपऱ्यातून हाक मारा.

नेपच्यूनच्या कारंजाजवळ साला बोर्सा वाचनालयाच्या भिंतीवर, फासिस्ट आणि नाझी सत्तेशी लढताना मारल्या गेलेल्यांचे फोटो लावलेत. मराठी माणसाने इथे थांबावंच. २१ एप्रिल १९४५ ला बोलोन्या मुक्त झालं. त्याआधी ९ एप्रिलला, शहराच्या पूर्वेला सेनियो नदीवर, मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी भर गोळीबारात दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांमधून उचलून आणलं. मग परत जाऊन जर्मनांची मशीनगनची ठाणी निकामी केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तासाभराच्या आत रेल्वेने गाठता येणाऱ्या फोर्लीत भारतीय सैनिकांची युद्धस्मशानभूमी आहे. एका दिवसात ते बसणार नाही, पण पुन्हा कधी आलात तर जरूर जा.

आता जेवण. साडेबारा ते अडीच या वेळात जेवून घ्या, नंतर बरीच स्वयंपाकघरं संध्याकाळी साडेसातपर्यंत बंद असतात. तुम्हाला आधी विचारते, घरात अंडं चालतं का? कारण इथला ताजा पास्ता मैदा आणि अंड्याचाच असतो. ताल्यातेल्ले, तोर्तेल्लोनी, लझान्या, सगळे. अंडं चालत नसेल तर रव्याचा सुका पास्ता मागा, ‘सेन्त्सा उओवा’ म्हणजे अंड्याशिवाय. अंडं चालत असेल तर डोळे मिटून ‘तोर्तेल्लोनी बुर्रो ए साल्विया’ घ्या. रिकोत्ता, म्हणजे मऊ पनीरसारखं चीज, भरलेल्या मोठ्या पुड्या, वर लोणी आणि सेजची कुरकुरीत पानं. नावात फसू नका, छोट्या ‘तोर्तेल्लिनी’त डुकराचं मांस असतं आणि वाढतातही मांसाच्याच रश्शात. आपल्याकडे बोलोनीज म्हणून मिळणारं स्पॅगेटी इथलं नाहीच. रागू, म्हणजे मांसाचा सॉस, इथे ताल्यातेल्लेवर घालतात आणि त्याची कृती १९८२ मध्ये इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवलेली आहे.

दोन गोष्टी कुणी आपणहून सांगत नाही. पार्मिजानो चीज नियमाप्रमाणे वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध फाडणारं विरजण, घालूनच बनतं. सासूबाई कडक पाळत असतील तर ‘सेन्त्सा फोर्माज्जो’, म्हणजे चीजशिवाय, असं म्हणा. आणि क्रेशेन्तीने, तिजेल्ले असल्या पुऱ्या-पोळ्यांत बऱ्याचदा ‘स्त्रुत्तो’, म्हणजे डुकराची चरबी, असते. कांदा मंद आचेवर तासन्‌तास शिजवून टोमॅटोत घोळवलेलं फ्रिज्जोने हे मूळचं इथलं, चवीला अप्रतिम, पण जुन्या पद्धतीत तेही चरबीत करतात. वाढणाऱ्याला सरळ विचारा. कुणी तोंड वाकडं करत नाही, उलट आत जाऊन विचारून येतात. बिलात माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’ दिसेल. तो टेबलाचा आणि पावाचा आकार असतो, सगळ्यांनाच लागतो.

टेबलावरचं जेवण नकोच असेल तर चौकामागच्या क्वाद्रिलातेरो बाजाराच्या गल्ल्यांत जा. फळं, पाव, ऑलिव्ह, तेलातल्या भाज्या विकत घ्या आणि रानोक्की गल्लीतल्या ओस्तेरिया देल सोलेत जाऊन बसा. १४६५ पासूनची ही जागा फक्त प्यायला देते, खाणं ज्याने त्याने आपलं आणायचं. लांब लाकडी बाकांवर प्राध्यापक, भाजीवाले, विद्यार्थी शेजारी शेजारी बसून आपापली पुडकी सोडतात. शाकाहारी माणसाला याहून सुखाची जागा या गावात मला माहीत नाही.

दुपारी आर्किजिन्नासियोत जा. १५६३ ची ही विद्यापीठाची इमारत, भिंतीभर जुन्या विद्यार्थ्यांची कुलचिन्हं. वरती लाकडाची शवविच्छेदनाची खोली आहे. जानेवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ती कोसळली आणि ढिगाऱ्यातून तुकडे वेचून पुन्हा उभी केली. दोन मनोरे बाहेरूनच बघा. ४८ मीटरचा गारिसेंदा इतका कललाय की ऑक्टोबर २०२३ पासून भोवती कुंपण आहे आणि शेजारच्या ९७ मीटरच्या आसिनेल्लीवर चढणंही तेव्हापासून बंद आहे.

उरलेला वेळ सान लुकाला द्या. टेकडीवरच्या या चर्चपर्यंत सलग पोर्तिको जातो, जवळजवळ चार किलोमीटर, ६६६ कमानी. १६७४ मध्ये काम सुरू झालं आणि सामान माणसांच्या रांगेने हातोहात वर पोचवलं. दरवर्षी वैशाखाच्या सुमारास मरियमेचं चित्र या वाटेने शहरात आणतात आणि आठवडाभराने परत नेतात. पालखीची बघावी तशी लोक वाटेत थांबून त्याची वाट बघतात. सासूबाईंना चढ झेपणार नाही, पण चौकातून पर्यटकांची छोटी गाडी वरपर्यंत जाते. वर जाताना गाडीने जा आणि उतरताना, गुडघे कुरकुरत नसतील तर, थोडं तरी कमानींखालून चाला.

व्हेनिसची गाडी संध्याकाळी सातनंतरची घ्या, दीड तासात पोचाल. अंड्याचं आणि चीजचं काय ते कळवा, आणि कोणत्या महिन्यात येताय तेही. ऑगस्टच्या मध्यात येत असाल तर अर्धं गाव सुट्टीवर असतं आणि बरीच दुकानं बंद असतात, त्या वेळी काय उघडं असतं ते वेगळं लिहीन.