पोट भरते, पण वजन उतरते : व्यायाम करणाऱ्या शाकाहारी माणसाचे ताट

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वजन ५८ किलो आहे, गुहागरच्या किनाऱ्यावर रोज धावता, आठवड्यातून तीन दिवस व्यायामशाळेत जाता, अंडीही खात नाही, आणि दोन्ही वेळा पोटभर जेवूनही दोन महिन्यांत वजन तीन किलोने उतरले. रत्नागिरीत राहून अनेक वर्षे शाकाहारावरच व्यायाम केल्यामुळे मला तुमच्या ताटातली अडचण ओळखीची वाटते.

आपले कोकणातले शाकाहारी जेवण पातळ आहे. पेज, आमटी, कुळथाची पिठी आणि सोलकढी यांनी पोट लवकर भरते, पण त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. कुळीथ स्वतः प्रथिनांनी संपन्न आहे, १०० ग्रॅम कोरड्या कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात; मात्र वाटीभर पिठीत पीठ जेमतेम २० ग्रॅम पडते, म्हणजे हाती चार-साडेचार ग्रॅमच लागतात. व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने लागतात, असे धरले तर तुमची गरज दिवसाला ७० ते ९० ग्रॅमच्या आसपास जाते. त्यात मऊ, कोरड्या वाळूवर धावायला टणक जमिनीपेक्षा दीडपटीहून अधिक ऊर्जा खर्च होते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

म्हणून वाट्या वाढवू नका, वाटीतला ऐवज वाढवा. सुरुवातीला मीही सकाळी ताटभर मोड आलेले मूग खात असे. पोट दुपारपर्यंत जड राही आणि जेवण कमी जाई. मोड आलेली कडधान्ये उत्तम, पण त्यांत पाणी आणि चोथा बराच असल्याने ती सोसतील तेवढीच घ्यावीत. त्याऐवजी मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे सुमारे १७० कॅलरी आणि सात-आठ ग्रॅम प्रथिने देतात. त्यांच्या जोडीला एक केळे आणि पेलाभर दूध घेतले, की दिवसाच्या आहारात साधारण ४०० कॅलरींची भर पडते आणि जेवणाची भूकही मरत नाही. धावून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात हे घ्यावे. दमट हवेत घाम फार जातो, तेव्हा त्याआधी मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज प्यायला माझी हरकत नाही. ती पाणी आणि मीठ भरून काढते, मात्र तिलाच न्याहारी समजू नये.

जेवणात भातावर दोन चमचे तूप घ्या, आणि आमटी पातळ असेल त्या दिवशी सोबत कडव्या वालाचे बिरडे किंवा काळ्या वाटाण्याची घट्ट उसळ असू द्या. माणशी ६० ग्रॅम कोरडे वाल भिजवले तर तेवढ्यातून तेरा-चौदा ग्रॅम प्रथिने मिळतात. तांदळात लायसिन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक) कमी असते आणि कडधान्यांत ते भरपूर असते, त्यामुळे भात-उसळ ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. दोन्ही एकाच घासात हवीत असे नाही, दिवसभरात पोटात गेली तरी पुरे.

ओल्या खोबऱ्याविषयी मात्र थोडे सांभाळून. त्याने कॅलरी वाढतात हे खरे, पण त्यात प्रथिने नाममात्र आणि संपृक्त स्निग्धांश पुष्कळ असल्यामुळे सगळी वाढ नारळावर सोपवणे मला योग्य वाटत नाही. उपवासाच्या दिवशी साबुदाण्यापेक्षा वरईचा भात आणि दाण्याची आमटी घ्या.

ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, तेव्हा दूध-दही रोज नसेल तर रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करा. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्यावर, काहीही खाण्यापूर्वी करावे. तीन आठवड्यांत काटा हलला नाही तर संध्याकाळी आणखी एक मूठ शेंगदाणे किंवा काजू वाढवा. इतके खाऊनही वजन उतरतच राहिले, तर आहारात आणखी बदल करण्याआधी थायरॉईड आणि साखरेची तपासणी करून घ्या.