यीस्टमध्ये क्रोमॅटिन उघडतं म्हणून जनुक चालू होतं, की जनुक चालू होतं म्हणून क्रोमॅटिन उघडतं?

दोन्ही होतं, पण वेगवेगळ्या जागी. क्रोमॅटिन म्हणजे डीएनए आणि तो ज्यांच्याभोवती गुंडाळतो ती प्रथिनं. प्रमोटरपाशी, म्हणजे जनुकाच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागापाशी, ते आधी उघडतं. जनुकाच्या आत मात्र बरेच बदल वाचन (जनुकाची आरएनए प्रत काढणं) सुरू झाल्यावरच होतात. माझं काम यीस्टवरच चालतं, आणि कारण कुठलं, परिणाम कुठला ही शंका मला अगदी रास्त वाटते. पाठ्यपुस्तकं ती सोयीस्करपणे टाळतात. आलेखात 'सक्रिय जनुकाची खूण' दिसली तर तिच्यामुळेच जनुक चालू आहे का, हा तुमचा दुसरा प्रश्न शेवटी येईल.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा: 'डीएनए मावावा म्हणून गुंडाळलेला असतो'. यीस्टचा जीनोम (सगळा डीएनए) जेमतेम १.२ कोटी बेसजोड्यांचा, म्हणजे जागेची अडचण हा मुख्य मुद्दा नव्हे. १४७ बेसजोड्या आठ हिस्टोन प्रथिनांच्या गोळ्याभोवती गुंडाळल्या की एक न्यूक्लिओसोम होतो, पण जनुकाच्या दृष्टीने तो नेमका कुठे बसलाय याला महत्त्व. रोज लागणाऱ्या बहुतेक जनुकांच्या सुरुवातीला सुमारे १५० बेसजोड्यांची मोकळी पट्टी असते. गरजेपुरती चालू होणारी जनुकं बऱ्याचदा झाकलेली असतात.

झाकलेल्यांपैकी सर्वांत बारकाईने तपासलेलं जनुक म्हणजे पीएचओ५. बाहेर फॉस्फेट कमी पडलं की यीस्ट या जनुकापासून ॲसिड फॉस्फटेज बनवतं. फॉस्फेट भरपूर असताना त्याच्या प्रमोटरवर चार न्यूक्लिओसोम ठरलेल्या जागी बसलेले असतात. त्यांतल्या एकाखाली टाटा बॉक्स (वाचन सुरू करणारी यंत्रणा जिथे बसते तो डीएनएचा तुकडा), दुसऱ्याखाली पीएचओ४ या नियामक प्रथिनाची एक जागा. याच प्रथिनाची दुसरी जागा मात्र दोन न्यूक्लिओसोमच्या मधल्या फटीत उघडी असते, आणि सगळा खेळ तिथून सुरू होतो. फॉस्फेट संपलं की पीएचओ४ केंद्रकात साठतं, उघड्या जागेवर बसतं आणि मदतनीस बोलावतं: हिस्टोनवर ॲसिटिल गट ही छोटी रासायनिक खूण चढवणारं जीसीएन५, एटीपी खर्चून न्यूक्लिओसोम हलवणारं स्विस्निफ, वगैरे. चारही न्यूक्लिओसोम सुटतात, झाकलेली जागा आणि टाटा बॉक्स मोकळे होतात.

आता तुमचा मुद्दा: हे वाचनामुळे होत नाही कशावरून? म्युनिकमध्ये वोल्फ्राम हेर्त्स यांच्या गटाने टाटा बॉक्सच काढून टाकला. वाचन बंद पडलं, तरी फॉस्फेट संपल्यावर न्यूक्लिओसोम सुटलेच. उलट बाजूचा पुरावा १९८८चा, मायकेल ग्रुन्स्टाइन यांच्या प्रयोगशाळेतला. त्यांनी पेशीत एच४ (न्यूक्लिओसोममधल्या हिस्टोनांपैकी एक) बनणं बंद पाडलं, तर फॉस्फेट भरपूर असूनही पीएचओ५ चालू झालं. माझ्या मते या दोन प्रयोगांनी तुमच्या प्रश्नाचा निम्मा निकाल लागतो.

पण म्हणून न्यूक्लिओसोम काढले की सगळंच उघडतं असंही नाही. १९९९मध्ये एच४ कमी करून अख्खा जीनोम तपासला गेला, तेव्हा सुमारे १५ टक्के जनुकं वाढली, १० टक्के घटली आणि बाकीच्यांना फारसा फरकच पडला नाही. वाढलेल्यांत गुणसूत्रांच्या टोकांजवळची जनुकं लक्षात येण्याइतकी जास्त होती.

टोकांची तऱ्हाच वेगळी. तिथे एसआयआर२, ३ आणि ४ ही प्रथिनं काम करतात. एसआयआर२ हे एच४च्या शेपटीवरच्या (बाहेर लोंबणाऱ्या टोकावरच्या) सोळाव्या लायसिन या अमिनो आम्लाचा ॲसिटिल गट काढतं, मोकळ्या शेपटीला एसआयआर३ चिकटतं, मग शेजारच्या न्यूक्लिओसोमची पाळी, आणि बंदी अशी पसरत जाते. डॅनियल गॉट्शलिंग आणि सहकाऱ्यांनी १९९०मध्ये एडीई२ हे जनुक टोकाशेजारी बसवलं. ते बंद असलं की पेशीत लाल रंगद्रव्य साठतं, चालू असलं की पेशी पांढरी. प्लेटवर एकाच कॉलनीत लाल आणि पांढऱ्या फाका दिसतात. सगळ्या पेशींचा डीएनए तोच, तरी चालू-बंद अवस्था कित्येक पिढ्या टिकते आणि मध्येच पालटते. (बेकरीतल्या यीस्टमध्ये डीएनएचं मिथिलीकरणही (मिथिल गट ही दुसरी रासायनिक खूण चढवणं) नाही आणि एच३ या आणखी एका हिस्टोनच्या नवव्या लायसिनचंही नाही, त्यामुळे माणसाच्या पेशींचे नियम इथे जसेच्या तसे लावू नका.)

राहिली उलटी दिशा. एसईटी२ हे एन्झाइम जनुक वाचणाऱ्या आरएनए पॉलिमरेजला चिकटून जनुकभर फिरतं आणि मागे एच३च्या ३६व्या लायसिनवर मिथिल गट ठेवत जातं. त्या खुणेमुळे आरपीडी३ या एन्झाइमचा एक प्रथिनसंच तिथले ॲसिटिल गट काढतो, नाहीतर जनुकाच्या मधूनच भलतं वाचन सुरू होतं. म्हणजे इथे वाचन आधी, क्रोमॅटिन नंतर.

तुम्ही विचारलेली 'सक्रिय जनुकाची खूण', एच३च्या चौथ्या लायसिनवरचे तीन मिथिल गट, हीसुद्धा याच जातीची. ती ठेवणारं एसईटी१ चालत्या पॉलिमरेजकडेच खेचलं जातं. एसईटी१ काढलेलं यीस्ट हळू वाढतं, पण जगतं, आणि बहुतेक जनुकं चालूच राहतात. तेव्हा तुमच्या आलेखात त्या खुणेचं शिखर दिसलं, तर 'इथे वाचन होतंय' एवढंच म्हणा. 'हिच्यामुळे होतंय' म्हणायला वेगळा प्रयोग लागेल.