इन्फोग्राफिक: माहितीचित्र की आलेख?

प्रश्न असा आहे: "कंपनीचा वर्षभराचा कारभार ग्राहकांना एका पानावर चित्ररूपाने सांगायचा आहे. अशा इन्फोग्राफिकला मराठीत काय म्हणावे? आलेख, तक्ता, चित्रालेख आणि सूचनाचित्र असे चार शब्द पुढे आले आहेत. शिवाय मसुद्यातले एक वाक्य असे आहे: 'सोबतच्या इन्फोग्राफिक्समध्ये ग्राहकसंख्येतील वाढीचा आलेख दर्शविण्यात आला आहे.' ग्राहक ४ हजारांचे १२ हजार झाले, हे सांगायचे आहे. वाक्य बरोबर आहे का?"

या चारांपैकी एकही शब्द मी घेणार नाही. मी 'माहितीचित्र' म्हणेन.

सूचनाचित्र तर आधी बाजूला ठेवा. हिंदीत सूचना म्हणजे माहिती, पण मराठीत सूचना म्हणजे अमुक करा किंवा करू नका असे सांगणे. 'सूचनाचित्र' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बाहेर पडण्याच्या दाराकडे दाखवणारा बाण येईल, कंपनीचा कारभार येणार नाही. तक्ता हा मूळचा फारसी शब्द, अर्थ फळी. गंमत म्हणजे 'टेबल' हा शब्द ज्या लॅटिन शब्दातून आला, त्याचाही अर्थ फळीच. मराठीत तक्ता म्हणजे रकान्यांत मांडलेले आकडे, आणि वर्गाच्या भिंतीवर टांगलेला चित्रांचा कागद म्हणजेही तक्ता. हा दुसरा तक्ता इन्फोग्राफिकच्या बराच जवळचा आहे. पण कारभाराच्या कागदपत्रांत पहिला अर्थ इतका पक्का बसला आहे की 'तक्ता पाहा' वाचल्यावर डोळे रकानेच शोधतील.

आलेख हा शब्द मात्र मला सहज सोडवत नाही. संस्कृतात 'लिख्' या धातूचा जुना अर्थ ओरखडणे, रेघ ओढणे. लिहिणे आणि चित्र काढणे हे दोन्ही अर्थ त्यातूनच निघाले. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत 'आलेख्य' आहे आणि तिथे त्याचा अर्थ चित्रकला असा आहे. पुराणातली चित्रलेखा आठवा. उषेने स्वप्नात पाहिलेला तरुण कोण, हे कळावे म्हणून ती एकेकाचे चित्र काढत गेली आणि अनिरुद्धाचे चित्र पाहताच उषेने त्याला ओळखले. तिच्या नावातली 'लेखा' म्हणजे रेघच. 'ग्राफिक'च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा प्रवासही हुबेहूब असाच झाला: आधी ओरखडणे, मग लिहिणे आणि चितारणे. दोन भाषांनी एकाच वाटेने चालत जाऊन एकाच जागी पोहोचावे, याचा मला अजूनही फार आनंद होतो.

तरीही आलेख नको, कारण आजच्या मराठीत त्याचा अर्थ आखडला आहे. स्तंभालेख, वृत्तालेख, आयतालेख असे गणितातले शब्द ठरून गेले आहेत. 'प्रगतीचा आलेख' म्हटले की वर जाणारी रेषा दिसते. इन्फोग्राफिकमध्ये असा एखादा आलेख असतो, शिवाय एखादा नकाशा, चारदोन चिन्हे, बाण, मोठा ठसठशीत आकडा आणि दोन ओळींचा मजकूर. हे सगळे मिळून एक निरोप सांगतात. भागाचे नाव अख्ख्या वस्तूला दिले, तर 'इन्फोग्राफिकमधला आलेख' हे सांगायला शब्दच उरत नाही. चित्रालेखाचीही हीच अडचण आहे. एका चित्राने ठरावीक संख्या दाखवायची, हा त्याचा नेमका अर्थ आहे आणि तो तसाच राहू द्यावा.

माहितीपट, माहितीपत्रक, माहितीपुस्तिका हे शब्द आपण अडखळत वापरतो का? नाही. मग माहितीचित्र त्याच रांगेत बसते. छायाचित्र, व्यंगचित्र, भित्तिचित्र यांची सवयही कानाला आहे. अरबी-फारसीकडून आलेली 'माहिती' आणि संस्कृत 'चित्र' यांचा समास खटकतो, असे कुणी म्हणेल. पण माहितीपटात तोच समास आहे आणि तिथे तो कुणाला खटकलेला मी पाहिला नाही. लिहिताना एवढे सांभाळा: 'माहीत'मधला 'ही' दीर्घ, 'माहिती'मधला 'हि' ऱ्हस्व आणि 'ती' दीर्घ. समासातही तो दीर्घच राहतो.

आता वाक्याकडे येतो, कारण मला खरी काळजी तिथे वाटते. 'वाढीचा आलेख दर्शविण्यात आला आहे' हे वाचून वाचकाला काय कळते? चित्र आहे, एवढेच. वाढ किती, कशावरून कशावर, हे वाक्यात नाही. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश अभियंत्याने १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराचे रेषालेख छापले. डेन्मार्क आणि नॉर्वेशी झालेल्या व्यापारात आयातीची एक रेषा, निर्यातीची दुसरी. तेवढ्यावर तो थांबला नाही. दोन रेषांमधल्या जागेतच त्याने लिहिले की इथे शिल्लक इंग्लंडच्या विरुद्ध आहे आणि इथे बाजूने. चित्राचा निरोप चित्रातच, शब्दांत. मराठीत हे काम क्रियापद करते. 'ग्राहकवाढ' हे मथळ्याला लावलेले नाव झाले; 'ग्राहक तिप्पट झाले' हा निरोप झाला.

इथे 'तिपटीने वाढले' असे लिहू नका. एकाला ते ४ चे १२ वाटेल, दुसरा ४ मध्ये आणखी १२ मिळवून १६ करेल. 'तिप्पट झाले' म्हटले की वाद उरत नाही. टक्क्यांत सांगायचे तर ही वाढ ३०० टक्के नव्हे, २०० टक्के आहे. टक्क्यांची टक्क्यांशी तुलना आली की घोळ आणखी वाढतो. तक्रारींचे प्रमाण ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले, तर कुणी 'दोन टक्क्यांनी घटले' लिहितो, कुणी '३३ टक्क्यांनी', आणि दोघांच्याही मनात काहीतरी खरे असते. आपल्याकडे 'वरून' आणि 'वर' ही इतकी नेटकी जोडी आहे. ती वापरली की दोन्ही टोके वाचकासमोर येतात आणि हिशेब तो स्वतः करतो.

चित्रकारालाही 'तिप्पट' हा शब्द नीट समजावून सांगावा लागतो. त्याने माणसाची आकृती तिप्पट उंच काढली आणि प्रमाण राखायला रुंदीही तिप्पट केली, तर कागदावर ती नऊपट जागा व्यापते. डोळा जागा मोजतो, उंची नाही. शब्द तिप्पट सांगतो आणि चित्र नऊपट. ऑटो न्यूराथ या ऑस्ट्रियन समाजशास्त्रज्ञाने व्हिएन्नातल्या आपल्या संग्रहालयात १९२०च्या दशकात यावर सरळ नियम केला: संख्या वाढली तर चिन्ह मोठे करायचे नाही, तेच चिन्ह पुन्हा काढायचे. एक आकृती म्हणजे १ हजार ग्राहक धरा. वरच्या ओळीत ४ आकृत्या, खालच्या ओळीत १२. याला म्हणायचे चित्रालेख, आणि तो तुमच्या माहितीचित्राच्या पोटात शोभून दिसेल.

इंग्रजी शब्दच ठेवायचा असेल तर एकवचनी 'इन्फोग्राफिक' लिहा. पानावर एकच चित्र असताना 'इन्फोग्राफिक्समध्ये' नको. लिंग नपुंसक, चित्रासारखे: ते इन्फोग्राफिक. माहितीचित्राचे अनेकवचन माहितीचित्रे, सामान्यरूप माहितीचित्रा-. तुमचे वाक्य मी असे लिहीन: 'वर्षभरात आमचे ग्राहक ४ हजारांवरून १२ हजारांवर गेले, कुठून आले ते सोबतच्या माहितीचित्रात पाहा.' यातला 'कुठून आले' हा भाग चित्रात असेल तरच ठेवा.