सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे देऊळच का? तिथे प्रार्थनेखेरीज आणखी काय होते?

आपल्या प्रश्नाचे उत्तर मी आमच्या कोकणातल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या सिनेगॉगवरून देतो, कारण ती मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

देवळात भक्त एकटा गेला तरी त्याला देवाचे दर्शन घडते. सिनेगॉगमध्ये मूर्ती नसते आणि पुरोहिताची मध्यस्थीही लागत नाही. इ.स. 70 मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केल्यावर तिथले बली थांबले व त्यांची जागा रोजच्या तीन वेळच्या प्रार्थनेने घेतली. ही प्रार्थना घरी एकट्यानेही करता येते. परंतु तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या पवित्र धर्मग्रंथाच्या, जाहीर वाचनासाठी आणि मृतांसाठीच्या कद्दीश प्रार्थनेसाठी तेरा वर्षांवरील दहा पुरुषांचा गट, म्हणजे मिन्यान, जमावाच लागतो. (सुधारणावादी पंथ स्त्रियांनाही त्यात धरतात.) बाप गेलेल्या मुलाला कद्दीश म्हणायचा असेल, तर आणखी नऊ जणांनी कामधंदा बाजूला ठेवून यावे लागते. माझ्या मते सिनेगॉगचे सारे सामाजिक महत्त्व या एका नियमात आहे.

यरुशलेमच्या दिशेच्या, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीशी पडद्याआड हेखाल, म्हणजे पवित्र कपाट, असतो व त्यात हस्तलिखित तोरा ठेवलेली असते. शनिवारी सकाळी ती बाहेर काढताना सगळे उठून उभे राहतात. वाचणारा चर्मपत्राला बोट लावत नाही, टोकाला इवलासा हात कोरलेल्या कांडीने ओळ दाखवत जातो. अक्षरांना स्वरचिन्हे नसल्यामुळे उच्चार आणि चाल आधी घोटून ठेवावी लागते, आणि एखादा शब्द चुकलाच तर शेजारी उभा असलेला माणूस तिथल्या तिथे सुधारून देतो.

आमच्या पूर्वजांकडे मात्र पिढ्यान्‌पिढ्या सिनेगॉग नव्हतेच. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणे, सुंता आणि ‘ईश्वर एकच आहे’ सांगणाऱ्या शेमा प्रार्थनेचा उच्चार एवढ्यावर त्यांनी घरातच धर्म टिकवला; गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. अलिबागचे मागेन आबोथ 1848 चे. त्यानंतर लग्न, सुंता, सुक्कोथ सणाचा मांडव, सिम्हाथ तोरा सणाची मिरवणूक हे सारे सिनेगॉगच्या आवारात होऊ लागले आणि मुकादमाच्या, म्हणजे समाजाच्या प्रमुखाच्या, शब्दाला वजन आले. मलिद्याचा, म्हणजे गोड पोहे-फळांचे ताट ठेवून करायच्या आभारप्रार्थनेचा, विधी मात्र आजही पुष्कळदा घरीच होतो, हे मला फार मोलाचे वाटते.

1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. त्यामुळे कोकणातल्या कित्येक गावांत इमारत शाबूत आहे, दिवाबत्तीही होते, पण दहावा माणूस मिळत नाही, आणि एखाद्या सणापुरते मुंबई-ठाण्याहून लोक आले तरच तोरा उघडली जाते.

आपल्याला प्रत्यक्ष पाहायचे असल्यास पुण्याचे ओहेल डेव्हिड, म्हणजे लाल देऊळ, किंवा अलिबागचे सिनेगॉग पाहावे. आधी परवानगी घ्यावी, पुरुषांनी डोके झाकावे आणि शनिवारी छायाचित्रे काढू नयेत.