टाकीत डिझेल आहे, इंजिनात नाही

प्रश्न : आम्ही दोघा मित्रांनी तीन वर्षांपूर्वी २८ फुटी जुनी शिडाची होडी घेतली. ती रत्नागिरीजवळच्या खाडीत असते आणि आम्ही महिन्यातून एक-दोनदा आंबा घाट उतरून तिच्याकडे जातो. होडीतील दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन खाडीत तासभर सुरळीत चालते. परंतु मुखाबाहेर लाटा लागल्या की वीस-पंचवीस मिनिटांत त्याचे फेरे वरखाली होऊ लागतात आणि ते बंद पडते. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) तपासून घेतले, एका हंगामात फिल्टर दोनदा बदलले (काढलेला फिल्टर काळा व बुळबुळीत होता). डिझेल कोठेही गळत नाही. आता फ्युएल पंप बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. तो बदलावा काय?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तूर्त पंपाला हात लावू नये. फ्युएल पंप, म्हणजे नोझलकडे मोठ्या दाबाने डिझेल पाठवणारा पंप, बिघडला असता तर तो खाडीतही बिघडलेलाच राहिला असता. लाटा लागल्यावर बिघडायचे आणि दहा मिनिटांनी बरे व्हायचे, असे त्याच्या हातून सहसा होत नाही. आपण कंसात टाकलेली गोष्टच माझ्या दृष्टीने या पत्रातील सर्वांत महत्त्वाची आहे. काळा, बुळबुळीत फिल्टर म्हणजे टाकीच्या तळाशी पाणी साचलेले आहे आणि जेथे पाणी संपून डिझेल सुरू होते त्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढून त्यांचा शेवाळासारखा गाळ तयार झालेला आहे. खाडीत होडी स्थिर असते तेव्हा हा गाळ तळाशी बसून राहतो. बाहेर टाकी घुसळली गेली की तो वर उठतो, डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी चिकटतो आणि इंजिनाची उपासमार होते. इंजिन बंद पडले की ओढ थांबते, गाळ सुटून खाली बसतो आणि आपल्याला वाटते की इंजिन आपोआप दुरुस्त झाले.

हे पाणी बहुधा पावसाळ्यात येते. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि आपल्यासारख्या हौशी होड्याही त्या काळात नांगरून किंवा वर ओढून ठेवलेल्या असतात. टाकी अर्धी रिकामी ठेवली तर वरच्या मोकळ्या जागेतील दमट हवेतून भिंतींवर पाणी धरते आणि ओघळून तळाशी जाते. त्याहून मोठा चोर म्हणजे डेकवरील डिझेल भरायच्या झाकणाचे रबरी वायसर. ते कडक होऊन चिरले असेल तर पावसाचे आणि लाटेचे पाणी थेट टाकीत उतरते. हे वायसर आधी बदलावे आणि पावसाळ्यापूर्वी टाकी काठोकाठ भरून ठेवावी.

परंतु निदान माझ्या शब्दावर न ठेवता आपण स्वतः पडताळून पाहावे. इंजिन सुरू करण्यापूर्वी, होडी रात्रभर स्थिर राहिलेली असताना, पाणी वेगळे करणाऱ्या पहिल्या फिल्टरच्या वाटीचा खालचा स्क्रू सोडून साधारण पाव लिटर डिझेल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यावे. शक्य असल्यास टाकीच्या सर्वांत खोल जागेतूनही हातपंपाने तितकेच ओढून दुसऱ्या बाटलीत घ्यावे. बाटल्या तासभर हलवू नयेत. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने पाणी असेल तर ते तळाशी वेगळे होईल, वर डिझेल राहील आणि दोहोंच्या मध्ये दुधावरच्या सायीसारखा, पण काळपट तपकिरी पापुद्रा दिसेल. तो दिसला की पुढचा वाद संपतो.

एक शक्यता याआधी निकालात काढणे सोपे आहे, कारण तिला पैसा लागत नाही. टाकीतून डिझेल जाते तितकी हवा आत यावी लागते आणि ती झाकणातील भोकातून किंवा वेगळ्या हवा-नळीतून येते. ही वाट बुजली तर टाकीत निर्वात तयार होतो आणि इंजिन वीस-तीस मिनिटांनी गुदमरते. पंचगंगेकाठच्या एका शेतातील इंजिनाने मला यावर चार तास झुलवले होते. शेवटी टाकीच्या झाकणाचे भोक मातीने भरलेले सापडले. कुंभारमाशीने तेथे आपले घर लिंपले होते. आपले इंजिन पुन्हा कासावीस होऊ लागेल तेव्हा भरायचे झाकण सैल करावे. ‘सूंऽ’ असा हवा ओढल्याचा आवाज आला आणि इंजिन सावरले, तर काम झाले. हवा-नळी तारेने साफ करावी आणि तिच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी.

‘कोठेही गळत नाही’ हे वाक्य वाचून मला थोडी गंमत वाटली, कारण कोल्हापूरच्या कोणत्याही शेतकऱ्याला याचे उत्तर ठाऊक आहे. नदीवरच्या पंपाच्या सक्शन पाइपाला चीर गेली तर बाहेर एक थेंबही दिसत नाही, तरी पंप पाणी ओढायचे सोडतो, कारण तेथे पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. होडीत टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची) सगळी नळी अशीच सक्शनची असते. तिचा एखादा क्लिप सैल असेल, फिल्टरच्या काचेखालचे वायसर नीट बसले नसेल किंवा बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर जुनेच परत वापरले असेल, तर इंजिन एअर धरते, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरते. फीड पंपाच्या पुढे मात्र दाब असतो. तेथील गळती डोळ्यांना दिसते. तांब्याचे वायसर नवे न मिळाल्यास जुने लालबुंद तापवून पाण्यात टाकावे, म्हणजे मऊ होऊन पुन्हा बसते. नळकाम करणारे वापरतात ती पांढरी टेप डिझेलच्या जोडांवर गुंडाळू नये. तिचे तंतू सुटून नोझलपर्यंत जातात.

आता निर्णायक चाचणी. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये नवे, गाळलेले डिझेल घ्यावे आणि डिझेलला चालणाऱ्या पारदर्शक नळीने ते थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडावे, म्हणजे टाकी, जुनी नळी आणि पहिला फिल्टर हे तिन्ही बाजूला राहतील. उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी नळीही कॅनमध्येच सोडावी, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होईल. कॅन टाकीच्याच पातळीवर घट्ट बांधावा. तो वर टांगला तर डिझेल स्वतःच्या भाराने उतरते आणि दोष झाकला जातो. अशा अवस्थेत इंजिन गिअरमध्ये टाकून तासभर, आणि तेही मुखाबाहेरच्या लाटांत, चालवावे, कारण खाडीत ते एरवीही तासभर चालतेच. ते निर्वेध चालले, तर बिघाड वगळलेल्या भागात आहे. फेरे तरीही डळमळले आणि पारदर्शक नळीत बुडबुडे दिसले नाहीत, तर इंजिनावरचा दुसरा फिल्टर व फीड पंप पाहावा, आणि फ्युएल पंपाचा विचार त्यानंतर करावा.

माझा अंदाज आहे की टाकीच साफ करावी लागेल. वरचे झाकण उघडून सर्व डिझेल उपसावे, तळ पुसून काढावा आणि ओढणाऱ्या नळीच्या टोकाला बारीक जाळी असेल तर ती काढून टाकावी. या जाळीवर मिस्त्री मंडळींत मतभेद आहेत, पण हात न पोहोचणाऱ्या जागी गाळणी ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही. गाळण्याचे काम हाताशी असलेल्या पहिल्या फिल्टरने करावे. त्यात १० ते ३० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर इंजिनावरच्या दुसऱ्यात त्याहून बारीक फिल्टर असतो. जीवनाशक औषध टाकी साफ झाल्यानंतरच घालावे. आधी घातल्यास मेलेला गाळ सुटून एकदमच फिल्टरवर येतो.

प्रश्न : फिल्टर बदलल्यावर फीड पंपाची हाताची दांडी ढिली लागते आणि डिझेल येत नाही. बराच वेळ स्टार्टर मारूनही इंजिन सुरू झाले नाही. काय चुकले?
— याच होडीतील दुसरे मित्र, कोल्हापूर

उत्तर : दांडी ढिली लागते याचा अर्थ पंपाला हलवणारा कॅम (इंजिनातील फिरता उंचवटा) नेमका चढावर थांबला आहे. इंजिन हाताने एक पूर्ण फेरा फिरवावे, म्हणजे दांडीला जोर येईल. मग दुसऱ्या फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल करून फेस संपून अखंड धार येईपर्यंत दांडी मारावी, तो घट्ट करून फ्युएल पंपाच्या स्क्रूवर तेच करावे आणि शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सोडून स्टार्टर मारावा. नटांवर फडके धरावे व हाताची बोटे दूर ठेवावीत. नोझलपर्यंतच्या या नळ्यांत जुन्या लहान इंजिनांमध्येही दाब १०० बारच्या बराच वर जातो आणि डिझेलची बारीक फवारणी कातडीत शिरते.

‘बराच वेळ स्टार्टर मारला’ हे मात्र काळजीचे आहे. शेतातील इंजिनात याने फक्त बॅटरी उतरते. होडीत स्टार्टरबरोबर समुद्राचे पाणी ओढणारा पंपही फिरतो आणि ते पाणी एक्झॉस्टमध्ये जाते. इंजिन सुरू नसल्याने ते बाहेर फेकायला धूर नसतो, त्यामुळे सायलेन्सर भरून पाणी उलटे सिलिंडरमध्ये येऊ शकते. एअर काढताना समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवावा, इंजिन सुरू होताच तो तत्काळ उघडावा आणि ही आठवण चावीलाच चिठ्ठी बांधून ठेवावी. आता पुन्हा स्टार्टर मारण्यापूर्वी सायलेन्सरचे पाणी काढून टाकावे, नोझल काढावीत आणि इंजिन हाताने फिरवून सिलिंडरमधून पाणी येते का ते पाहावे.

प्रश्न : इंजिन ऑइल न घालताही त्याची पातळी ऑइल मोजायच्या काडीवर वाढलेली दिसते. हे चांगले लक्षण आहे काय?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही. ऑइल दुधाळ झाले असेल तर पाणी शिरले आहे. ते पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा, आतला लवचीक पडदा फाटला असण्याची शक्यता अधिक आहे. डिझेल त्या भोकातून ऑइलमध्ये उतरते. पडदा स्वस्त असतो, पण पातळ ऑइलावर इंजिन चालवल्यास बेअरिंग जाते. पडदा बदलून ऑइल व त्याचा फिल्टर नवा घालेपर्यंत इंजिन सुरू करू नये.